बाईंचा कॉम्प्युटर पूर्वपदावर आणला तेव्हा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या ज्या वाचनालयात मी सहायक म्हणून काम करतो, तिथे तीन कॉम्प्युटर आहेत. एक देवघेवीच्या काउंटरवर, एक मागच्या खोलीत माझ्या टेबलावर आणि एक वाचकांसाठी दाराशी. तिन्ही देणगीत आलेले, जुने. त्यांच्यावर दुसरं काही धड चालेना म्हणून माझ्या आधीच्या सहायकाने लिनक्स नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर घातलं होतं आणि ते बिनतक्रार चालत होतं. तो पुढे पुण्याला नोकरीला गेला आणि त्याच्या जागेवर मी आलो. मी गडमुडशिंगीचा. घरी ऊस आणि म्हशी. घरातला पहिला टेबल-खुर्चीवरचा माणूस. कॉलेजात असताना लिनक्सशी थोडी झटापट केली होती, तेवढ्यावर आपल्याला कॉम्प्युटरमधलं कळतं असा माझा समज होता. वाचनालयातल्या लोकांचाही तसाच समज मी पद्धतशीर करून दिला होता.

काउंटरवर आमच्या ग्रंथपाल बसायच्या. त्यांना सभासदांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे बाई म्हणायचे. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली. अंगाने बारीक, आवाज मात्र खणखणीत. कोणत्या सभासदाला काय आवडेल हे त्यांना नेमकं ठाऊक असायचं. एखादी आजी दारातून आत येऊन नुसती खोकली तरी बाई म्हणायच्या, ‘‘तुमच्यासाठी काढून ठेवलंय बघा.’’ नवीन आलेली कादंबरी कशी आहे हे त्या इतक्या रंगवून सांगायच्या की ती त्याच दिवशी कुणीतरी घेऊन जायचं. मला हे काम शिकवलं ते त्यांनीच. पुस्तकाच्या पाठीवर क्रमांक चिकटवताना बोट कसं फिरवायचं इथपासून.

त्यांचा कॉम्प्युटर मात्र मला पहिल्या दिवसापासून खटकला. पडदा काळाकुट्ट, त्यावर पिवळी अक्षरं, आणि ती अक्षरं एवढी मोठी की एका वेळी चार-पाच ओळींपेक्षा जास्त काही मावायचं नाही. माऊसचा बाण अंगठ्याएवढा. खालची पट्टी उचलून वर नेलेली आणि तिच्यावर फक्त तीन चौकोन, लाडवाएवढे. मला वाटलं, बाईंना काही कळत नाही आणि आधीच्या सहायकाने त्यांच्या कॉम्प्युटरचा खेळ केलाय. एकदा वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या दोघा-तिघांसमोर मी त्याला रिक्षामागची पाटी म्हणालो. ते हसले. बाई तिथेच होत्या. त्याही हसल्या, आणि ‘‘असू दे की, माझं मला बरं पडतं,’’ एवढंच म्हणाल्या.

तर त्या वर्षी आमच्या कार्यवाहांनी एक कार्यक्रम ठरवला. गावातलं एक जुनं घराणं वडिलांच्या संग्रहातली पुस्तकं वाचनालयाला देणार होतं. घरची सगळी मंडळी, पुण्या-मुंबईची लेकरं-सुना येणार होती. कार्यवाह कापडाचे व्यापारी. दुकान जसं रोज सकाळी नीट मांडतात, तसं वाचनालय त्यांना मांडलेलं लागतं. कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात ते काउंटरपाशी उभे राहिले आणि मला म्हणाले, हे काय एसटी स्टँडावरच्या फलकासारखं दिसतंय, पाहुणे काय म्हणतील. तिन्ही कॉम्प्युटर एकसारखे दिसायला हवेत, त्यांवर वाचनालयाचं बोधचिन्ह हवं, आणि ते बाईंच्या मागे लागण्यापेक्षा तूच करून टाक. बाई त्या वेळी पुतणीच्या लग्नासाठी रजेवर होत्या.

आता नीट करायचं तर एकेक सेटिंग उघडून बघायला हवं होतं. कुठलं काय बदललंय, का बदललंय. तेवढा धीर मला नव्हता. योगायोगाने त्याच्या काही दिवस आधी माझ्याच कॉम्प्युटरवरची खालची पट्टी माझ्या हातून गायब झाली होती आणि ती परत आणण्यासाठी मी एक हुकूम शोधून काढला होता. काळ्या खिडकीत एक छोटी ओळ लिहायची आणि एंटर दाबायचं. डेस्कटॉपवर माणसाने आजवर जे जे बदललं असेल ते सगळं पुसलं जातं आणि नवीन कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू केल्यावर जसा दिसतो तसा तो दिसायला लागतो. हा हुकूम नक्की करू का म्हणून विचारत नाही. झालं म्हणूनही सांगत नाही. मला तो फार आवडला होता. मी बाईंच्या खुर्चीत बसलो, ती ओळ लिहिली, एंटर दाबलं, लॉग आउट करून परत लॉग इन केलं. काळा-पिवळा पडदा गेला होता. निळसर फिका डेस्कटॉप, बारीक नेटकी अक्षरं, पट्टी खाली तळाला. मी मराठी कळफलक परत जोडला, बोधचिन्ह लावलं आणि कार्यवाहांना बोलावून दाखवलं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

बाई कार्यक्रमाच्या दिवशीच हजर झाल्या, ते थेट धावपळीत. हार, नारळ, खुर्च्या, चहा. काउंटरवर बसायला त्यांना सवडच मिळाली नाही. मीही काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही केलंय असं मला वाटलंच नव्हतं.

भाषणं झाल्यावर पाहुणे वाचनालय बघत फिरू लागले. त्या घराण्यातले थोरले, साठीतले गृहस्थ, काउंटरपाशी थांबले. त्यांच्या वडिलांनी फार पूर्वी कोल्हापूरच्या तालमींवर एक लहानसं पुस्तक लिहिलं होतं. ते तुमच्याकडे आहे का, असं त्यांनी सहज विचारलं. कार्यवाहांना असा प्रसंग हवाच होता. ते म्हणाले, आहे म्हणजे, आमची सगळी नोंद कॉम्प्युटरवर आहे. बाई, काढून दाखवा की.

बाई खुर्चीत बसल्या. पाहुणे त्यांच्या मागे गोळा झाले. मी बाजूला हाताची घडी घालून उभा होतो, माझा नवा डेस्कटॉप लोकांना दिसतोय या समाधानात. बाईंनी पडद्याकडे बघितलं आणि क्षणभर त्यांचे हात हवेतच राहिले. मग त्यांनी माऊस हलवला, पुन्हा हलवला, बाण शोधल्यासारखा. शेवटी मीच पुढे होऊन शोधायची खिडकी उघडून दिली. टायपिंग त्यांचं हाताला बसलेलं, लेखकाचं नाव त्यांनी न बघता लिहिलं. यादी आली. बाई पुढे वाकल्या. अजून वाकल्या. नाक पडद्याला लागेल इतक्या जवळ गेल्या, मान जराशी तिरकी केली, परत मागे आल्या.

‘‘दिसत नाही,’’ त्या म्हणाल्या.

पाहुण्यांना वाटलं, पुस्तक यादीत दिसत नाही. पण ते होतं. पहिल्याच ओळीत होतं, वडिलांच्या संपूर्ण नावासह, आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना ते दिसत होतं. थोरले गृहस्थ सौम्यपणे म्हणाले, ‘‘हे काय, पहिलंच तर आहे.’’ मी बाईंच्या खांद्यावरून हात लांब करून पडद्यावर बोट ठेवलं. ‘‘बाई, हे बघा की.’’ मागून कुणीतरी हसलं. वाईट हेतूने नव्हे, आपली आईही फोन हातात घेतल्यावर असंच करते म्हणून हसतात तसं. बाईंनी माझ्या बोटाकडे बघितलं, मान हलवली आणि म्हणाल्या, ‘‘आज जरा डोकं चढलंय.’’ मग उठून त्या कपाटांकडे गेल्या आणि ते पुस्तक घेऊनच परत आल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंच्या कपाळावर घाम होता.

दुसऱ्या दिवसापासून त्या काउंटरवर बसायचं टाळू लागल्या. मला म्हणायच्या, तू बस इथं, तुझा हात वेगात चालतो. त्या कपाटांमध्ये असायच्या, पुस्तकं जागेवर लावत, सभासदांशी बोलत. मला वाटलं, त्यांनी अखेर मान्य केलं. नव्या पिढीला जागा द्यायला हवी वगैरे. घरी आईला मी हे सांगितलंसुद्धा, की आता सगळा काउंटर माझ्याकडे आहे. कार्यवाह येता-जाता बघत होते. एकदा ते हळूच म्हणाले, बाईंचं आता लक्ष नाही असं वाटतं, वय झालं. मी काही बोललो नाही. बोललो नाही म्हणजे, मला ते ऐकायला बरं वाटलं.

त्यानंतरच्या एका रविवारी मी कपिलतीर्थ मंडईत भाजीला गेलो होतो. गर्दी होती. समोरून बाई आल्या, हातात कापडी पिशवी. आम्ही हातभर अंतरावर आलो. मी हसलो, मान लववली. बाईंनी सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं. ओळखीची एकही खूण नाही. मग त्या वळल्या आणि मेथीवालीशी भाव करू लागल्या. मी तिथे मूर्खासारखा हसरा चेहरा घेऊन उभा राहिलो.

माझं डोकं फिरलं. चार लोकांत मला असं तोडलं. घरी जाताना मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडलो. पण दोन दिवसांनी राग उतरला आणि त्याच्या जागी धाकधूक आली. बाई रागावणाऱ्यातल्या नव्हत्या. म्हणजे माझं काहीतरी खरंच चुकलं असणार. वाचनालयात त्या नेहमीसारख्या बोलत होत्या, हे तर जास्तच विचित्र. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मी मोटरसायकल काढली आणि कसबा बावड्याला त्यांच्या घरी गेलो. काय ते तोंडावर विचारून टाकू, असं ठरवून.

त्यांचं घर साखर कारखान्याच्या बाजूला, मागे उसाचं शिवार. बाईंचे यजमान कारखान्यात फिटर होते, निवृत्त झालेले. त्यांना मी एक-दोनदा पाहिलं होतं. आडव्या बांध्याचा, मोठ्या हातांचा माणूस. दाराशी पोचलो तर खिडकीतून त्यांचा आवाज येत होता. ते वाचत होते. मोठ्याने, अडखळत, शाळेतली पोरं वाचतात तसं एकेक शब्द सुटा करत. मधेच थांबायचे, मागे जायचे, पुन्हा ती ओळ घ्यायचे. मी ते वाक्य ओळखलं. आम्ही गेल्याच महिन्यात घेतलेली कादंबरी होती. बाईंनी ती सभासदांपुढे इतकी वाखाणली होती की तिच्यासाठी सहा-सात जण नंबर लावून बसले होते.

मी दार ढकललं. यजमान वर बघून म्हणाले, ‘‘या की पावणं.’’ बाई पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी दाराकडे, माझ्याकडे बघितलं. मंडईत बघितलं होतं अगदी तसंच.

‘‘बाई, मी हाय,’’ मी म्हणालो.

आवाज ऐकल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी हात लांब करून यजमानांच्या हातातलं पुस्तक घेतलं, मिटलं आणि उशीखाली सरकवलं. चोरी पकडल्यावर लहान पोर करतं तसं. यजमानांना काही कळलं नाही. ते म्हणाले, ‘‘आगं, तुझ्याच वाचनालयातला पोरगा न्हवं व्हय ह्यो?’’ आणि पाणी आणायला आत गेले.

मी मंडईतलं सांगितलं. बाई, माझं काही चुकलं का, मला ओळख दाखवली नाही, असं काहीतरी बोललो. बाई बराच वेळ पदराची किनार चाचपत राहिल्या. मग त्यांनी सांगितलं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता, काही वर्षांपासून वाढत चाललेला. बघतो तिथला मधला भाग पुसट होत जातो, कडेचं तेवढं राहतं. त्यामुळे चालता येतं, रस्ता कळतो, भांडी घासता येतात. पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच जातं. माणसाचं तोंड. पुस्तकाची ओळ. चष्म्याने काही होत नाही. मिरजेला दाखवलं, पुण्याला दाखवलं. औषधाने ते वाढायचं थांबलं तर थांबलं, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. दोन वर्षांहून जास्त काळ त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी एक पान वाचलेलं नव्हतं. रोज संध्याकाळी यजमान वाचून दाखवायचे आणि त्या दुसऱ्या दिवशी ते सभासदांना सांगायच्या.

‘‘सांगितलंस व्हय शेवटी?’’ यजमानांनी पाणी ठेवत बाईंना विचारलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, मी आयुष्यात रविवारच्या पेपराशिवाय काय वाचलं नव्हतं, आता हिच्यापायी वाचाय लागतंय. ते हसत होते. बाई हसत नव्हत्या.

मी विचारलं की हे आजवर का लपवलं. त्या म्हणाल्या, ‘‘ग्रंथपाल आणि वाचता येत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगू? लोक माझ्याकडं पुस्तक मागाय येतात की.’’

माझ्या मनात तोवर एक गोष्ट वर येत होती आणि मी ती खाली दाबत होतो. त्यांनीच ती बाहेर काढली. म्हणाल्या, निदान कॉम्प्युटर होता तोवर चालत होतं. आधीच्या सहायकाला त्यांनी विश्वासात घेतलं होतं. दोघं दुपारी वाचनालय बंद असताना बसायचे. तो अक्षर मोठं करायचा, रंग बदलायचा, त्या सांगायच्या, हे दिसतं, हे नाही. असं करत करत तो पिवळा-काळा पडदा तयार झाला होता. तिरक्या नजरेने त्यांना तेवढा वाचता यायचा. आणि लग्नाहून परत आल्यावर बघतात तर सगळं नाहीसं झालेलं. ‘‘बिघडलं असंल आपोआप,’’ त्या म्हणाल्या. ‘‘न्हाईतर कार्यवाहांनी कुणी दुकानदार आणून करून घेतलं असंल. विचारायची सोय नाही. विचारलं तर का पाहिजे म्हणतील.’’

त्यांना माहीत नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर कदाचित कधीच कळलं नसतं. हेही माझ्या मनात आलं, आणि आलं म्हणून माझी मलाच शिसारी आली.

‘‘बाई, ते मी केलं,’’ मी म्हणालो.

यजमानांचं हसू थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, खिडकीबाहेर बघितलं. ते जास्त वाईट होतं. बाईंनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली, जराशी तिरकी, मला डोळ्यांच्या कडेने बघण्यासाठी. आता मला ती मान का तिरकी होते हे कळत होतं.

‘‘तू व्हय,’’ एवढंच त्या म्हणाल्या.

रिक्षामागची पाटी. खांद्यावरून पुढे केलेलं माझं बोट. ‘बाई, हे बघा की.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याच्या त्या सहायकाला फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, जाताना तुला सांगावं असं वाटत होतं, पण बाईंनी शपथ घातली होती. मी त्याला ती सेटिंग्ज विचारली. तो म्हणाला, कुठली अशी एक सेटिंग नव्हती, रोज थोडं थोडं करत गेलो, आकडे काय लक्षात राहणार. त्या रंगासाठी त्याने स्वतः एक फाइल बनवली होती, तेवढी एका लपवलेल्या फोल्डरमध्ये असेल म्हणाला. बाकीचं पुसलं गेलं ते गेलं. त्या हुकुमाला परतीचा हुकूम नसतो. हे मला माहीत होतं. फक्त आपण पुसतोय ते कुणाचं, याचा मी तेव्हा विचार केला नव्हता.

ती फाइल सापडली. बाकीचं पुन्हा पहिल्यापासून करायचं होतं. दुपारी वाचनालय बंद झालं की मी आतून कडी घालायचो. बाई खुर्चीत बसायच्या आणि मी शेजारी स्टुलावर. मी अक्षर एक पायरी मोठं करायचो आणि विचारायचो, हे दिसतंय का बाई? त्या मान तिरकी करून बघायच्या, एखादा शब्द चाचपत वाचायच्या, बहुतेकदा चुकीचा. मग मी आणखी एक पायरी. हे? नाही. हे? माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठं माणूस, ज्याने मला काम शिकवलं, ते पहिलीतल्या पोरासारखं ‘क’ आणि ‘फ’ यात गोंधळत होतं, आणि ते मला बघावं लागत होतं. एकदा तीनदा सलग चुकल्यावर बाई म्हणाल्या, ‘‘तू जरा तिकडं बघ की. मी वाचते.’’ मी भिंतीकडे तोंड करून बसलो.

आणि एक कळलं. मधल्या काळात त्यांची नजर आणखी उतरली होती. आधीचा आकार जरी सापडला असता, तरी तो आता पुरला नसता. अक्षरं पूर्वीपेक्षाही मोठी करावी लागली. पडद्यावर आता तीनच ओळी मावत होत्या.

काही दिवस नीट गेले. बाई पुन्हा काउंटरवर बसू लागल्या. मग एका संध्याकाळी कार्यवाह आले. वाचनाच्या खोलीत पेपर वाचणारे बसलेले, काउंटरसमोर दोघं-तिघं पुस्तक बदलायला उभी. कार्यवाहांची नजर पडद्यावर गेली. ते मला म्हणाले, हे परत कुणी केलं? मी सगळे एकसारखे करायला सांगितलं होतं ना?

हीच वेळ होती. बाई माझ्यापासून दोन हातांवर बसल्या होत्या. मी त्यांचं गुपित न फोडताही काही बोलू शकलो असतो. काउंटरवर असंच लागतं, मी केलंय, असंच राहील, एवढं म्हणता आलं असतं. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, ‘‘सर, काहीतरी एरर आलाय. उद्या करतो नीट.’’

बाई उठल्या. टेबलाला धरून, सावकाश. आणि त्यांच्या त्या खणखणीत आवाजात, पेपरवाल्यांनाही ऐकू जाईल अशा, म्हणाल्या, ‘‘एरर नाही. मला दिसत नाही. अक्षर एवढं मोठं असलं तरच दिसतं.’’

पेपरांची सळसळ थांबली. कार्यवाहांचा हात आपोआप स्वतःच्या चष्म्याकडे गेला. ते गडबडले. खरं तर मनाने चांगला माणूस आहे. कधीपासून, असं त्यांनी अगदी हळू विचारलं.

‘‘तुम्ही कार्यवाह व्हायच्या आधीपासून,’’ बाई म्हणाल्या आणि समोर उभ्या असलेल्या एका सभासद आजींकडे वळून त्यांच्या हातातलं पुस्तक परत घेतलं, नोंद केली. मोठ्या पिवळ्या अक्षरांत. आम्ही सगळे ती नोंद होताना बघत उभे होतो.

पुढे समितीची बैठक झाली. तिथे काय काय बोललं गेलं ते मला पूर्ण माहीत नाही. एक-दोघांनी लगेच निवृत्ती द्यावी असं सुचवल्याचं ऐकलं. कार्यवाहांनीच ते मोडून काढलं. बाई निवृत्त होईपर्यंत राहतील, पण देवघेवीचा काउंटर रीतसर माझ्याकडे आणि बाई मागच्या बालविभागात, असं ठरलं. त्यांचा कॉम्प्युटर मी उचलून मागे नेला. सभासद काउंटरवर माझ्यापाशी यायचे, पुस्तक परत करायचे आणि नवीन काय घेऊ हे विचारायला मागे बाईंकडे जायचे. आता सगळ्यांना माहीत होतं. काही जण त्यांच्याशी मोठ्याने, सावकाश बोलू लागले, जणू त्यांचे कान गेलेत. ओळखीची माणसंसुद्धा ‘‘ओळखलं का?’’ असं विचारून समोर उभी राहायची. बाई आवाजावरून नाव सांगायच्या. हे सगळं त्यांना जे नको होतं तेच होतं.

एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. शब्द जुळवून गेलो होतो, ते जागेवर विसरलो. मला माफ करा असं काहीतरी पुटपुटलो. डेस्कटॉपबद्दल, आणि त्या दिवशी एरर म्हणालो त्याबद्दल. बाई लहान मुलांची पुस्तकं उंचीप्रमाणे लावत होत्या. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

‘‘तू पुसलंस म्हणून मला सांगावं लागलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘न्हाईतर अजून दोन वर्षं अशीच जीव मुठीत धरून बसले असते. ते सुटलं माझं. घरात यजमान म्हणतात, पोरानं उलट चांगलंच केलं.’’ मग त्यांनी एक पुस्तक जागेवर सरकवलं. ‘‘मी तसं म्हणणार नाही. तू काही चांगलं करायला गेलतास व्हय?’’

मी नाही म्हणालो.

‘‘मग झालं तर,’’ बाई म्हणाल्या, आणि बाहेर कुणीतरी काउंटरवर टकटक करतंय, तिकडे जा म्हणाल्या.

बाहेर शाळेतून परस्पर आलेली एक मुलगी उभी होती. तिला परीक्षेनंतर वाचायला काहीतरी जाडजूड हवं होतं. मी तिला बाईंकडे पाठवलं आणि खुर्चीत बसलो.